तीन दिवसांचा मुक्काम

अडीच तोळे वजनाचा, मुठीत सहज मावेल असा एक करड्या-तपकिरी रंगाचा पक्षी, ज्याने हिवाळा पेरूपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या चिखलकिनाऱ्यांवर कोठेतरी काढलेला असतो आणि ज्याला उन्हाळा सुरू होताच अलास्काच्या पश्चिम टोकावरील वृक्षहीन टुंड्रा प्रदेशात जाऊन घरटे करावयाचे असते, तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाटेत एके ठिकाणी उतरतो, दोन-तीन दिवस चिखलात चोच खुपसून अखंड खातो, आणि वारा दक्षिणेचा झाला की पुन्हा आकाशात दिसेनासा होतो. या पक्ष्याला पश्चिमी तुतवार म्हणता येईल. शास्त्रीय परिभाषेत तो कॅलिड्रिस मॉरी. ज्या गावाजवळ तो उतरतो त्याचे नाव कॉर्डोव्हा. या दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाप्रीत्यर्थ ते गाव गेली तीस वर्षांहून अधिक काळ दर मे महिन्यात उत्सव साजरा करीत आले आहे, आणि त्या उत्सवाचीच हकीकत या प्रकरणात सांगावयाची आहे.

कॉर्डोव्हा हे अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या बेटांनी भरलेल्या विस्तीर्ण आखाताच्या पूर्व कोपऱ्यात वसलेले, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. १७९० मध्ये साल्व्हादोर फिदाल्गो या स्पॅनिश दर्यावर्दीने येथील बंदराला कॉर्डोव्हा हे नाव दिले. परंतु गाव म्हणून ते उभे राहिले विसाव्या शतकाच्या आरंभी, केनिकॉटच्या खाणींतील तांबे समुद्रापर्यंत आणण्यासाठी जो लोहमार्ग बांधण्यात आला त्याचे शेवटचे ठाणे म्हणून. १९११ पासून १९३८ पर्यंत ती आगगाडी धावली. खाणी संपल्या तशी गाडीही थांबली, आणि अशा अनेक खाणगावांच्या नशिबी जे उजाडपण आले ते कॉर्डोव्हाच्या नशिबी आले नाही, याचे कारण एवढेच की त्याचा खरा उदरनिर्वाह जमिनीच्या पोटात नसून समुद्राच्या पोटात होता. कॉपर नदीत अंडी घालण्यासाठी चढणारा सॅमन मासा हेच या गावाचे पीक. मेच्या मध्यास मासेमारीचा हंगाम उघडतो, आणि त्याआधीचे दोन-तीन आठवडे गावातला प्रत्येक धक्का जाळी दुरुस्त करणाऱ्या, बोटींना रंग लावणाऱ्या, यंत्रे उघडून बसलेल्या माणसांनी भरलेला असतो. आजही या गावाला उर्वरित अलास्काशी जोडणारा रस्ता नाही. यावयाचे तर बोटीने किंवा विमानाने. ज्या इयाक लोकांचा हा मूळ मुलूख, त्यांची भाषा जन्मापासून बोलणारी अखेरची व्यक्ती, मेरी स्मिथ जोन्स, २००८ साली निवर्तली.

गावाच्या पूर्वेस कॉपर नदीचा त्रिभुज प्रदेश पसरला आहे. रँगेल पर्वतराजीतील हिमनदीतून उगम पावून सुमारे साडेचारशे किलोमीटर वाहत येणारी ही नदी आपल्याबरोबर हिमनद्यांनी जात्यासारखे दळलेले खडकाचे पीठ घेऊन येते, आणि मुखाशी तिचा वेग मंदावला की ते राखाडी पीठ थरावर थर साचत जाते. अशा रीतीने शतकानुशतके तयार झालेली ही सुमारे २,८०० चौरस किलोमीटरांची भूमी उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील सर्वांत मोठी सलग पाणथळ भूमी गणली जाते. तिच्या पाठीशी चुगॅच पर्वताची हिमाच्छादित भिंत, समोर अलास्काच्या आखाताचा वादळी समुद्र, आणि दोन्ही बाजूंना दूरवर खडकाळ, बर्फाळ, चिखलाचा मागमूस नसलेला किनारा. दक्षिणेकडून येणाऱ्या आणि पोट रिकामे झालेल्या पक्ष्याला उतरून खाता येईल अशी एवढी मोठी जागा त्या वाटेवर दुसरी नाही. म्हणूनच एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतच्या अवघ्या काही आठवड्यांत येथून सुमारे ५० लाख किनारपक्षी जातात, असा अंदाज दिला जातो. त्यांत सर्वांत मोठा वाटा पश्चिमी तुतवारांचा आणि त्यांच्या खालोखाल डनलिन या पक्ष्याचा. जगातील पश्चिमी तुतवारांपैकी बहुतेक सारे या एका चाळणीतून दरवर्षी गाळून निघतात असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

चिखल हा शब्द आपल्या भाषेत फारसा सन्मानाने उच्चारला जात नाही. चिखल तुडवावा लागतो, चिखलात रुतावे लागते, चिखलफेक केली जाते. परंतु भरतीने झाकलेला आणि ओहोटीने उघडा पडलेला समुद्रकाठचा चिखल हे पृथ्वीवरील अत्यंत समृद्ध अन्नछत्र आहे, आणि ते कसे चालते हे समजल्यावाचून या पक्ष्यांचे येणे-जाणे समजणार नाही. त्या चिखलाच्या पोटात नखाएवढ्या शिंपल्यांची, कृमींची आणि कवचधारी सूक्ष्म जीवांची इतकी दाटी असते की पक्ष्याने टाकलेली चोच क्वचितच रिकामी वर यावी. तुतवाराच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणाऱ्या संवेदनपेशींचे पुंजके असतात. त्यांच्या योगे डोळ्यांना न दिसणारे भक्ष्य तो स्पर्शाने हुडकून काढतो. मादीची चोच नराच्या चोचीहून लांब असते, त्यामुळे ती अधिक खोलवर शोधते, आणि हिवाळ्यातही ती नरापेक्षा अधिक दक्षिणेकडे जाऊन राहते.

या पक्ष्यांविषयीचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा शोध मात्र शिंपल्यांचा नाही. दुधावर साय धरावी तशी ओल्या चिखलावर सूक्ष्म शैवालांची, जिवाणूंची आणि त्यांनी स्रवलेल्या चिकट द्रवाची एक अत्यंत पातळ साय धरत असते. पश्चिमी तुतवाराच्या जिभेवर बारीक राठ केसांसारखे तंतू असतात, आणि त्या जिभेने तो ही साय अक्षरशः चाटून घेतो. कॅनडातील फ्रेझर नदीच्या मुखावर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की तेथे थांबलेल्या पश्चिमी तुतवारांच्या आहाराचा जवळपास निम्मा भाग या सायीचाच होता. याचा अर्थ असा की चिखलाचा एखादा पट्टा वरवर पाहता निर्जीव, सपाट आणि बंदर बांधण्यास सोयीस्कर दिसत असला तरी त्याच्या पृष्ठभागावर एक शेत पिकत असते, आणि प्रवाह थोडासा वळवल्याने, गाळ थोडासा बदलल्याने ते शेत नापीक होऊ शकते. कोणत्याही महसुली दप्तरात या शेताची नोंद नाही.

प्रवासाचा वेग किती असतो? १९९० नंतरच्या दशकात काही पश्चिमी तुतवारांच्या पाठीवर अगदी हलके रेडिओ-प्रेषक बसवून त्यांचा मागोवा घेण्यात आला. त्यांतील एका पक्ष्याने सॅन फ्रान्सिस्को उपसागरापासून कॉपर नदीच्या मुखापर्यंतचे सुमारे तीन हजार किलोमीटरांचे अंतर सुमारे बेचाळीस तासांत कापले. बहुतेक पक्षी मात्र असे एका दमात येत नाहीत; वाटेतल्या खाड्यांवर उतरत, प्रत्येक ठिकाणी एक ते तीन दिवस राहत, मजल-दरमजल करीत ते उत्तरेस सरकतात. उड्डाणाचे इंधन म्हणजे कातडीखाली साठवलेली चरबी, आणि तेवढी चरबी या मार्गासाठी तुटपुंजी पडते. पाठीशी अनुकूल वारा असल्यावाचून हे अंतर निभणे कठीण, असे संशोधकांनी हिशेब करून दाखविले आहे. वसंतात अलास्काच्या आखातात कमी दाबाची वादळे फिरू लागतात तेव्हा त्यांच्या पूर्वेकडून दक्षिणेचे वारे वाहतात, आणि पक्षी त्या वाऱ्यांची वाट पाहत थांबून राहतात. ज्या प्राण्याच्या जवळ शिल्लक म्हणून जेमतेम एक-दोन मजलांची रसद असते, त्याला वाटेतला प्रत्येक पडाव अनिवार्य असतो. बारा महिन्यांतले तीनच दिवस तो तेथे राहतो हे खरे. परंतु ते तीन दिवस काढून घेतले तर उरलेले वर्ष त्याच्या वाट्याला येत नाही.

या प्रदेशाचे पक्षिशास्त्रीय महत्त्व जगाच्या नजरेस आणण्याचे श्रेय ज्या माणसाला मुख्यतः द्यावे लागते तो कोण्या विद्यापीठातला अध्यापक नव्हता. पीट आयलाइब हा कॉर्डोव्हातील व्यावसायिक मच्छीमार. जाळे टाकून बसलेल्या माणसाला आकाशाकडे आणि किनाऱ्याकडे पाहण्यास जो दीर्घ, निवांत अवधी मिळतो त्याचा त्याने असा उपयोग केला की फेअरबँक्सच्या विद्यापीठातील ब्रिना केसेल या विदुषीबरोबर त्याने लिहिलेला या किनाऱ्याच्या पक्ष्यांविषयीचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि तो प्रमाण मानला गेला. पुढे १९७९ मध्ये या त्रिभुज प्रदेशातून जाणाऱ्या किनारपक्ष्यांच्या संख्येविषयीचा त्याचा लेख प्रकाशित झाला. त्याच्याच व्यवसायबंधूंच्या गावाने पुढे या पक्ष्यांचा उत्सव मांडला, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. जो रोज भरतीची वेळ पाहून बोट सोडतो त्याला भरतीबरोबर सरकणारा पक्षी परका नसतो.

सरकारनेही आपल्या परीने पावले उचलली होती. १९७८ साली अलास्का राज्याने या प्रदेशाला विशेष संरक्षित अधिवासाचा दर्जा दिला. १९८० च्या अलास्का भूसंरक्षण कायद्याने चुगॅच राष्ट्रीय वनाच्या या भागाचा कारभार मुख्यतः मासे आणि वन्य प्राणी यांच्या रक्षणासाठीच चालवावा असे ठरवून दिले, आणि वनखात्याच्या अंमलाखालच्या जमिनीच्या बाबतीत ही तरतूद असाधारण होती. १९८५ साली स्थापन झालेल्या पश्चिम गोलार्धातील किनारपक्षी-संरक्षण संघटनेने १९९० मध्ये या त्रिभुज प्रदेशाला ‘गोलार्धव्यापी महत्त्वाचे स्थान’ म्हणून मान्यता दिली. या शेवटच्या मान्यतेच्या मागे दंडाची किंवा शिक्षेची कसलीही ताकद नाही. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याने स्वेच्छेने सही करावयाची, आणि पेरूतील, पनामातील, कॅलिफोर्नियातील दुसऱ्या कोणीतरी तशीच सही केली असेल या विश्वासावर आपल्या हद्दीतला चिखल जपावयाचा. तहनामे सरहद्दींचे होतात. येथे सरहद्द ओलांडून जाणाऱ्या पाहुण्यासाठी निरनिराळ्या मुलखांतील यजमानांनी एकमेकांना न पाहता केलेला हा करार आहे.

मधल्या काळात १९८९ साल येऊन गेले होते. त्या वर्षीच्या २४ मार्च रोजी, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, एक्झॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधील ब्लाय नावाच्या खडकावर चढले आणि सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात सांडले. प्रवाहाने ते तेल नैर्ऋत्येकडे ओढून नेले, म्हणून पूर्वेकडचा कॉपर नदीचा चिखल वाचला. तो कोणाच्या दक्षतेमुळे वाचला नाही. पक्ष्यांचे थवे येण्यास अजून महिनाभराहून अधिक अवकाश होता. कॉर्डोव्हाचे मात्र सर्वस्व त्या आखातावर अवलंबून होते. हेरिंग माशांची मासेमारी त्या वर्षी बंद ठेवावी लागली, आणि १९९३ मध्ये हेरिंगची संख्या कोसळली ती आजतागायत पूर्ववत झालेली नाही. हेरिंग वसंतात किनाऱ्यावरील वनस्पतींवर अंडी घालतो, आणि माँटेग्यू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर खडकांवर वावरणारे काही किनारपक्षी याच अंड्यांवर आपला प्रवास पुरा करीत असत. माणसाच्या ताटातला मासा आणि पक्ष्याच्या चोचीतले अंडे यांचा संबंध पुस्तकात वाचून कळतो. कॉर्डोव्हाला तो घरातील जमाखर्चातून कळला. कॉर्डोव्हाच्या उत्सवात जी उत्कटता आहे ती मला याच कळण्यातून आलेली वाटते.

आता प्रत्यक्ष उत्सवाकडे वळू. त्याचे पंचांग म्हणजे भरती-ओहोटीचे कोष्टक. व्याख्याने संध्याकाळी ठेवता येतात, चित्रांचे प्रदर्शन दिवसभर उघडे राहू शकते, सर्वांनी मिळून जेवावयास बसण्याची वेळ माणसांच्या सोयीने ठरते. पण पक्षी पाहावयास निघण्याची वेळ समुद्र ठरवितो. ओहोटीच्या वेळी चिखलाचे मैदान काही किलोमीटर आत पसरते आणि त्यावर विखुरलेले पक्षी दुर्बिणीतूनही ठिपक्यांसारखे दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना हळूहळू किनाऱ्याकडे रेटते. मैदान आखडत जाते, थवे दाट होतात, आणि भरती पुरी होण्याच्या अगोदरचे व नंतरचे दोन तास हजारो पक्षी माणसांपासून काही पावलांवर येऊन ठेपतात. गावापासून दहा किलोमीटरांच्या आत असलेली हार्टनी उपसागराची जागा याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. भरती पहाटे असेल तर पहाटे, पाऊस असेल तर पावसात (आणि या किनाऱ्यावर मे महिन्यात पाऊस नसणे हीच वार्ता), रबरी बूट चढवून, थर्मासमध्ये कॉफी घेऊन लोक तेथे जाऊन उभे राहतात.

त्या रांगेत कोण असते ते पाहण्यासारखे आहे. दूरच्या शहरांतून विमानाने आलेले, महागड्या दुर्बिणी तिकाटण्यावर चढविलेले निष्णात पक्षिनिरीक्षक असतात. वनखात्याचे आणि १९८९ मध्येच गावात स्थापन झालेल्या विज्ञानकेंद्राचे संशोधक असतात. आणि त्यांच्या जोडीला शाळेतली मुले, जाळी दुरुस्त करण्याचे काम दोन तास बाजूला ठेवून आलेले मच्छीमार, आणि ज्यांनी हा देखावा आयुष्यात चाळीस-पन्नास वेळा पाहिला आहे असे वृद्ध असतात. परगावचा माणूस येथे पक्ष्यांची यादी वाढवावयास येतो. गावचा माणूस एका परिचित पाहुण्याचे आगमन झाले की नाही हे पाहावयास येतो. पहिल्याला पक्ष्याचे नाव ठाऊक असते, दुसऱ्याला त्याची वेळ ठाऊक असते, आणि उत्सवाचे सारे सार या दोघांना दोन तास एकाच ओल्या दगडगोट्यांवर उभे करण्यात आहे. मेच्या आरंभी या भागात पर्यटनाचा हंगाम सुरू झालेला नसतो, सॅमनचा पैसा अजून हाती आलेला नसतो. अशा कोरड्या दिवसांत खानावळी आणि निवासगृहे भरतात, हा व्यावहारिक लाभही काही थोडा नव्हे. पक्ष्याच्या मुक्कामातून गावाच्या पदरात काही पडते, आणि म्हणून पक्ष्याच्या मुक्कामाची जागा राखण्यात गावाचे हित गुंतते, यात लाजिरवाणे असे मला काही दिसत नाही.

भरती ऐन शिखरावर असताना कधीकधी बहिरी ससाणा येतो. क्षणापूर्वी चिखलावर पसरलेली जिवंत चादर एकदम उचलली जाते. हजारो पक्षी एका देहासारखे वळतात, आणि त्यांच्या तपकिरी पाठी व पांढरी पोटे आलटून पालटून दिसल्यामुळे तो थवा विझतो आणि पेटतो असा भास होतो. ही वळणे घेण्याचा हुकूम कोण देतो हे कोडे पुष्कळ काळ सुटले नव्हते. वेन पॉट्स या संशोधकाने डनलिनच्या थव्यांचे चलत्चित्रण करून १९८४ साली दाखविले की नायक असा कोणी नसतो. कोणताही एक पक्षी थव्याच्या दिशेने कलला की तेथून वळणाची एक लाट निघते. ती एका पक्ष्यापासून शेजारच्या पक्ष्याकडे सरासरी १५ मिलिसेकंदांत पोहोचते, वास्तविक एकट्या पक्ष्याला दचकून हालचाल करावयास ३८ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक पक्षी शेजाऱ्याकडे न पाहता दुरून येणाऱ्या लाटेकडे पाहत असतो आणि ती आपल्यापर्यंत येण्याच्या बेतात असतानाच वळतो, तेव्हाच हे शक्य होते. हार्टनीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला हे गणित ठाऊक असण्याची गरज नाही. त्या वेळी अंगावर येणारा पंखांचा आवाज त्याच्या स्मरणात राहतो, आणि गणित पुढे शिकता येते.

असे उत्सव करणारे कॉर्डोव्हा एकटे नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील आर्केटा येथे एप्रिलच्या मध्यास पाणटिवळ्यांच्या नावाने उत्सव होतो. वॉशिंग्टन राज्यात ग्रेज हार्बरच्या खाडीवर तो एप्रिलचा शेवट व मेचा आरंभ साधून होतो. कॅनडातील टोफिनोला मेच्या आरंभी. आणि कॉर्डोव्हाच्या पश्चिमेस, जेथे अलास्कातील महामार्ग समुद्रापाशी संपतो त्या होमर गावी, कॅचेमॅक उपसागराचा उत्सव १९९३ पासून मेच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. नकाशावर ही गावे तारखांच्या क्रमाने जोडली तर जी रेघ उमटते ती पक्ष्यांच्या वाटेची रेघ असते. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. आळंदीहून पालखी निघते तेव्हा सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद ही गावे एकामागून एक आपापल्या तिथीला जागी होतात. एका रात्रीच्या मुक्कामासाठी वर्षभर धान्य बाजूला काढून ठेवलेले असते, आणि सकाळी दिंड्या पुढे गेल्या की गाव आपल्या कामाला लागते. वारी पंढरपूरला पोहोचते ती या मुक्कामांच्या बळावर. मधल्या एका गावाने पाणी आणि जागा नाकारली तर पुढच्या गावाच्या औदार्याने ती उणीव भरून निघत नाही. पक्ष्यांच्या प्रवासाचे शास्त्र नेमके हेच सांगते, आणि कॉर्डोव्हासारखी गावे शास्त्राचे हे म्हणणे लोकाचारात उतरवीत आहेत म्हणून त्यांच्या उत्सवाला मी करमणुकीहून वरची जागा देतो.

नाकारल्याची उदाहरणेही इतिहासात आहेत. एस्किमो कुरव्या म्हणून ओळखला जाणारा, बाकदार चोचीचा किनारपक्षी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मैदानांवरून वसंतात प्रचंड थव्यांनी जात असे. बाजारासाठी त्याची अमर्याद शिकार झाली, आणि ज्या गवताळ मैदानांवर तो वाटेत चरत असे ती नांगराखाली गेली. १९१६ चा अमेरिका-कॅनडा पक्षिकरार आणि १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा झाला तेव्हा त्याच्या बाबतीत उशीर झालेला होता. त्याची शेवटची निर्विवाद नोंद १९६३ सालची, बार्बाडोस बेटावरची, आणि तीही बंदुकीने टिपलेल्या पक्ष्याची आहे. बंदुकीवर कायद्याने बंदी घालता आली, परंतु आजचे संकट बंदुकीचे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाप्रमाणे उत्तर अमेरिकेतील किनारपक्ष्यांची संख्या १९७० पासून एक-तृतीयांशाहून अधिक घटली आहे, आणि त्यामागे भराव, बंदरे, मलमूत्र, मत्स्यशेती, उबदार होत चाललेला उत्तर ध्रुवप्रदेश अशी अनेक कारणे थोडी थोडी आहेत. कोणा एकाला गुन्हेगार ठरवून सोडविता येईल असा हा खटला नाही.

निसर्ग स्वतःही स्थिर नसतो. २७ मार्च १९६४ च्या महाभूकंपाने, ज्याची तीव्रता ९.२ होती, कॉपर नदीचा सारा त्रिभुज प्रदेश काही मिनिटांत दोन ते तीन मीटर वर उचलला. जेथे खारे पाणी येत असे तेथे गोडे पाणी साचू लागले, विलोची आणि आल्डरची झुडपे माजली, त्यांच्या आडोशाने अस्वले आणि कोल्ह्यासारखी जनावरे आत आली, आणि येथेच घरटी करणाऱ्या एका गडद रंगाच्या हंसकाची संख्या इतकी घसरली की वनखात्याने त्याच्यासाठी तळ्यांत कृत्रिम बेटे सोडली. किनारपक्ष्यांनी मात्र समुद्राकडे सरकलेला नवा चिखल शोधून काढला, कारण तो सरकावयास तेथे मोकळी जागा होती. जेथे चिखलाच्या मागे रस्ता, भिंत किंवा वसाहत असते तेथे त्याला सरकता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर येणारे पक्षी या वाटेचे नव्हेत. ते मध्य आशियाच्या मार्गाने येतात. परंतु ठाणे खाडीच्या चिखलावर हिवाळा काढणारा छोटा टिलवा आणि वाकड्या चोचीचा तुतवार हे पश्चिमी तुतवाराचे सख्खे चुलतभाऊ असून तेही सायबेरियाच्या उत्तर टोकाशी, तशाच टुंड्रावर, घरटी करतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. शिवडीच्या धक्क्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने रोहित पक्ष्यांचे महोत्सव भरविले आणि हजारो मुंबईकर ते पाहावयास गेले. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने तर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या साह्याने कासवांच्या पिल्लांचा महोत्सव आपल्या घरांच्या ओसऱ्यांवर उभा केला आणि पाहुण्यांना आपल्या पंक्तीला बसविले. म्हणजे यजमानपणाची रीत आपल्याला शिकावयाची नाही. रोहितासारखा गुलाबी आणि उंच नसलेला, दुरून मातीच्या ढेकळासारखा दिसणारा पाहुणा मात्र आपल्याकडून अद्याप दुर्लक्षित राहिला आहे, आणि त्याच्यासाठी एखादे मराठी गाव उभे राहिलेले पाहण्याची माझी इच्छा आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात हा वाकड्या चोचीचा तुतवार करडा वेष टाकून विटकरी तांबडा होऊ लागतो. ती त्याच्या निघण्याची खूण. वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या दिवसांत ऐरोलीला, शिवडीला किंवा अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर अवश्य जावे. आपल्या कोळी बांधवांच्या रीतीप्रमाणे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती दुपारच्या सुमारास येते. तिच्या दोन तास आधी काठावर पोहोचावे, पाण्याच्या रेषेपासून थोडे दूर स्वस्थ बसावे, आणि बरोबर एखाद्या लहान मुलाला न्यावे.